पुस्तक मिटून काढलेला नकाशा

प्रिय चिऊ,

तू पाठवलेला मूत्रपिंडाच्या माइंड मॅपचा, म्हणजे मधल्या विषयातून फांद्या काढत जाणाऱ्या नकाशाचा, फोटो काल रात्री पाहिला, आज सकाळी पुन्हा मोठा करून पाहिला. मधोमध लालसर मूत्रपिंड, त्यातून निघालेल्या सात फांद्या, सातही वेगळ्या रंगांच्या, आणि फांद्यांच्या टोकांना इवली इवली चित्रं. खाली तुझी ओळ: "आई, तीन तास लागले. कसा झालाय?"

देखणा झालाय. तुझा हात चित्रात पहिल्यापासून चांगला. पण फोटोच्या डाव्या कोपऱ्यात मला तुझ्या पुस्तकाच्या उघड्या पानाची कड दिसली, आणि हे पत्र त्या कडेमुळे लिहिते आहे. तीन तास तू पुस्तकात पाहून कागदावर उतरवत होतीस. त्यातलं तुझ्या डोक्यात किती थांबलं, हे त्या नकाशावरून मला कळत नाही आणि तुलाही कळणार नाही.

रागावून लिहीत नाही गं. हीच चूक मी फळ्यासमोर कितीतरी वर्षं केली आहे. तासाच्या आदल्या दिवशी घरी बसून धड्याचा माइंड मॅप तयार करायचा, रंगीत खडूंनी फळाभर काढायचा, आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यायचा. वह्या सुरेख दिसायच्या. पालक खूश, मीही खूश. मग एकदा धडा संपून दोन आठवडे झाल्यावर मी कोरे कागद वाटले आणि म्हटलं, तोच नकाशा आता आठवून काढा. बहुतेकांना रंग आठवत होते. प्रकाशसंश्लेषण हिरव्या फांदीवर होतं, हे पक्कं आठवत होतं. ती फांदी श्वसनाच्या फांदीला कुठे जोडली होती आणि का, हे दोन-चार मुलांनाच सांगता आलं. काय कशाखाली येतं, कोण कोणाला जोडलेलं आहे, हा सगळा विचार मी घरी बसून करून टाकला होता. मुलांच्या वाट्याला नक्कल तेवढी उरली होती.

पुढे २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेला जेफ्री कार्पिकी आणि जनेल ब्लंट यांचा एक प्रयोग वाचला, तेव्हा मला माझा तो वर्ग आठवला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना विज्ञानाचा उतारा समोर ठेवून संकल्पनांचा नकाशा, म्हणजे माइंड मॅपचाच जवळचा प्रकार, काढायला लावला. दुसऱ्या गटाने उतारा वाचला, बाजूला ठेवला, आठवेल तेवढं लिहून काढलं, मग पुन्हा वाचून पुन्हा लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर आठवून लिहिणारा गट पुढे. नकाशा काढायचीच परीक्षा ठेवली, तरीही तोच गट पुढे! आणि विद्यार्थ्यांना आधी विचारलं होतं तेव्हा त्यांचा अंदाज उलटा होता. समोर पाहून काढताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतं असं वाटतं. इथेच आपण फसतो.

यावरून माइंड मॅप निरुपयोगी आहे असं मात्र समजू नकोस. त्याच दोघांनी २०१४ साली पुढचं काम प्रसिद्ध केलं. उतारा बाजूला ठेवून, आठवून नकाशा काढला तर त्याचाही चांगला फायदा होतो, परिच्छेद लिहून काढण्याइतकाच, असं त्यात दिसलं. म्हणून तुझा नकाशा फाडू नकोस. आज रात्री पुस्तक मिट, तो कागद उलटा ठेव आणि कोऱ्या पानावर एका पेनाने पुन्हा काढ. रंग नकोत, चित्रं नकोत. अडशील तिथे फांदी अर्धी सोडून पुढे जा. सगळं संपल्यावर पुस्तक उघड आणि राहिलेलं वेगळ्या शाईने भर. हा नकाशा गबाळा दिसेल, पण त्या वेगळ्या शाईत तुला काय येत नाही हे नेमकं दिसेल, आणि परीक्षेआधी तुला तेवढंच वाचावं लागेल. चार दिवसांनी पुन्हा कोरं पान घे, मग दहा-बारा दिवसांनी. दर वेळी दुसरी शाई कमी होत गेली पाहिजे.

आता फांद्यांवरच्या शब्दांबद्दल. तू प्रत्येक फांदीवर एकच शब्द लिहिला आहेस. माइंड मॅप हे नाव आणि ही पद्धत ज्यांनी लोकप्रिय केली त्या टोनी बुझान यांचा तसा नियमच होता. १९७४ साली बीबीसीवर त्यांची मालिका झाली आणि तिथून ही पद्धत घरोघरी पोचली. कागद आडवा धरा, मध्यभागी चित्र काढा, फांद्या वळणदार ठेवा, निदान तीन रंग वापरा, एका फांदीवर एक शब्द. यातला आडवा कागद आणि मधलं चित्र मला पटतं. रंगही पटतात, जर रंगाला काही अर्थ असेल तर. रंगांनी मेंदूची उजवी बाजू जागी होते वगैरे जे सांगतात ते मात्र सोडून दे. शिकताना मेंदूच्या दोन्ही बाजू मिळूनच काम करतात.

एक शब्दाचा नियम मी पाळत नाही. तुझ्या नकाशात 'संप्रेरके' या फांदीच्या टोकाला 'रक्तदाब' लिहिलं आहे. वाढतो की कमी होतो? संप्रेरकामुळे रक्तदाब बदलतो, की रक्तदाब बदलल्यामुळे संप्रेरक सुटतं? तो एक शब्द यातलं काहीच सांगत नाही, आणि उद्या तूही स्वतःला सांगू शकणार नाहीस.

या बाबतीत मला शिक्षणतज्ज्ञ जोसेफ नोवाक यांची रीत जास्त भावते. कॉर्नेल विद्यापीठात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते आणि त्यांचे सहकारी मुलांच्या विज्ञानाच्या समजुती वर्षानुवर्षं कशा बदलत जातात याचा अभ्यास करत होते. मुलाखतींचे ढीग साचले. एखाद्या मुलाला काय समजलंय हे एका नजरेत दिसावं कसं, या अडचणीतून संकल्पना नकाशा जन्माला आला. त्यात चौकटीत संकल्पना असते आणि दोन चौकटी जोडणाऱ्या रेषेवर क्रियापद लिहावंच लागतं: 'वाढवते', 'रोखते', 'पासून बनते', 'नसेल तर थांबते'. चौकट, रेषा, चौकट असं सलग वाचलं की पूर्ण वाक्य झालं पाहिजे. तू माइंड मॅपच काढ, पण रेषांवर क्रियापदं लिहायची सवय लाव. नुसती नावं ओळीने लिहायला फारसं समजावं लागत नाही. क्रियापद लिहायला गेलीस की समजलंय की नाही ते लगेच उघडं पडतं.

याच रक्तदाबाच्या फांदीपाशी मला आणखी एक सांगायचं आहे, आणि मला वाटतं हे तुला कुणी सांगितलेलं नसेल. माइंड मॅपचा आकार झाडाचा असतो. मधून खोड, खोडातून फांदी, फांदीतून डहाळी, आणि टोकाला गेलं की संपलं. जिथे प्रकार आणि पोटप्रकार आहेत, एकात दुसरं सामावलेलं आहे, तिथे हा आकार फार छान बसतो. मूत्रपिंडाची रचना त्यात नीट मावली आहे: बाहेरचा भाग, आतला भाग, प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या, नेफ्रॉनचे भाग. पण शरीरात खूप गोष्टी गोल फिरतात. रक्तदाब उतरला की मूत्रपिंड रेनिन नावाचं विकर सोडतं. यकृतातून आलेल्या एका प्रथिनापासून रेनिन अँजिओटेन्सिन नावाचं रसायन बनवतं. मुख्यतः फुप्फुसात त्याचं जास्त प्रभावी रूप तयार होतं. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडते. त्यामुळे मूत्रपिंड सोडियम राखून ठेवतं, सोडियमच्या मागे पाणी येतं, रक्तदाब चढतो, आणि चढला की रेनिन कमी होतं. जिथून निघालो तिथेच परत आलो.

तू ही साखळी पाच डहाळ्यांमध्ये कापली आहेस आणि पाचही जणी पाच दिशांना बघतायत. इथे झाड उपयोगाचं नाही. नकाशाच्या कडेला वेगळं वर्तुळ काढ, बाण एकाच दिशेने फिरव, आणि शेवटून पहिल्याकडे जाणाऱ्या बाणावर ठळक 'रोखतो' लिही. विषय ज्या आकाराचा आहे तोच आकार कागदावर यायला हवा. घटनांच्या क्रमाला सरळ रेघ, तुलनेला तक्ता, चक्राला वर्तुळ, वर्गीकरणाला झाड. गणिताची सिद्धता तर नकाशात घालूच नकोस, ती पायरीपायरीनेच लिहायची असते.

आकड्यांचंही तसंच. एका डहाळीवर तू '१८० लिटर' लिहिलं आहेस, आणि दुसऱ्या टोकाला '१.५ लिटर'. हे दोन आकडे एकमेकांशेजारी हवेत! मूत्रपिंडांत दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो आणि दीड लिटरच्या आसपास लघवी होते, म्हणजे ९९ टक्के परत घेतला जातो. शरीरात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, जेमतेम ३ लिटर. म्हणजे तेवढाच द्रव दिवसातून साठ वेळा गाळून निघतो. हे नातं समजलं की दोन्ही आकडे वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

पुढच्या महिन्यात तुला हा विषय वर्गापुढे मांडायचा आहे असं म्हणालीस. तयार नकाशा पडद्यावर दाखवू नकोस. सात रंगांच्या फांद्या एकदम समोर आल्या की डोळा कुठे ठेवायचा तेच ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि तो वाचत बसला की तुझं बोलणं कानाआड होतं. फळ्यावर मधला शब्द लिही आणि बोलता बोलता एक एक फांदी काढ. त्याहून बरं म्हणजे सुरुवातीला वर्गालाच विचार, यांना आधीपासून काय ठाऊक आहे, आणि ते सांगतील तसंच्या तसं लिही, चुकलेलं असलं तरी.

चुकलेलं का लिहायचं ते सांगते. त्या कोऱ्या कागदाच्या प्रसंगानंतर मी धडा सुरू करण्याआधीच मुलांकडून नकाशे काढून घ्यायला लागले. एका मुलीने झाड काढलं होतं आणि 'माती'पासून 'खोड'पर्यंत जाड बाण, त्यावर शब्द 'खाते'. झाडाची वाढ मातीतून होते, ही तिची समजूत. लेखी परीक्षेत ती प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या अचूक लिहायची, त्यामुळे मला कधी कळलंच नसतं. त्या बाणामुळे मी तिला व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञाच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात त्यांनी वजन करून घेतलेल्या मातीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सुमारे ७४ किलोने वाढलं, माती घटली ६० ग्रॅमसुद्धा नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. तोही अर्धाच बरोबर होता, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्यांच्या लक्षात आला नव्हता. मुलीने घरी जाऊन नकाशा बदलला. जुना बाण तिने खोडला नाही, त्यावर फुली मारून बाजूला 'हवा'पासून नवा बाण काढला. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. तिची व्याख्या आधीही बरोबर होती. त्या दिवशी तिची समजूत बदलली.

तासाला बसून टिपणं घेताना मात्र माइंड मॅपच्या नादी लागू नकोस. विषय नवा असतो, शिकवणारे पुढे कुठे वळणार हे माहीत नसतं, आणि तू फांदी कुठे काढू या विचारात असताना दोन वाक्यं निसटून जातात. ओळीनेच लिही, तुझ्या शब्दांत, पानाच्या एका बाजूला मोकळी जागा सोडून. संध्याकाळी टिपण मिटून त्याचा छोटा नकाशा काढ. वीस मिनिटांत होईल तेवढाच. तीन तास लागत असतील तर त्यातले अडीच रंगवण्यात जातायत असं समज. संगणकावरची सॉफ्टवेअरं फांद्या हलवायला सोयीची असतात, मोठ्या प्रकल्पाच्या आखणीला जरूर वापर. आठवून काढायला कागदच घे. तिथे मेनू शोधावा लागत नाही.

एक मान्य करते. हे सगळं कंटाळवाणं वाटेल. २००२ साली ब्रिटनमधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात माइंड मॅप वापरणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवलं, पण आपल्या नेहमीच्या पद्धतीने अभ्यास करणाऱ्यांपेक्षा त्यांचा उत्साह कमी होता. नवी पद्धत सुरुवातीला अंगावर येते. मिटलेल्या पुस्तकासमोर अर्धी फांदी घेऊन बसणं तर आणखी जड जातं. त्या वेळी मला फोन कर हवं तर. मी उत्तर सांगणार नाही, पण तू आठवत असताना पलीकडे बसून राहीन.

तुझ्या सातही फांद्या मी पुन्हा तपासल्या. मूत्रपिंड निकामी होत गेलेल्या माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन कमी का होतं, याचं उत्तर त्यात कुठेच नाही. मूत्रपिंडापासून अस्थिमज्जेकडे जाणारा एक बाण राहिला आहे. पुस्तक उघडण्याआधी रविवारपर्यंत आठवून बघ, आणि रेषेवर कोणतं क्रियापद लिहिलंस ते मला कळव. फोटो पाठवशील तेव्हा खाडाखोड तशीच राहू दे.

तुझी,
आई