हिमयुगाचे श्रेय एकट्या अगासींचे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील हिमयुगावरचा लेख वाचला. लेख रंजक आहे, पण तो वाचून असे वाटते की एके काळी युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता, असा १८३७ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलच्या सभेत लुई अगासी या स्विस निसर्गशास्त्रज्ञांना साक्षात्कार झाला आणि बाकीचे भूवैज्ञानिक ते न मानता हटून बसले. दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत.

स्वित्झर्लंडच्या बान्य खोऱ्यात जाँ-पिएर पेरोदँ नावाचा एक शिकारी राहत असे. खोऱ्यात उंचावर पडलेले अजस्र धोंडे पाण्याने वाहून येणे शक्य नाही, एके काळी हे अख्खे खोरे हिमनदीने भरलेले असणार, असे त्याने १८१५ साली शार्पाँतिए यांना सांगितले. हे गृहस्थ मिठाच्या खाणींचे संचालक. त्यांनी ते चक्क उडवून लावले. पण व्हेनेत्स या अभियंत्याने पेरोदँचे म्हणणे मनावर घेतले, पुरावे जमवले, शार्पाँतिएंनाही वळवले. अगासी १८३६ साली शार्पाँतिएंकडे राहायला गेले ते शंका मनात घेऊन, आणि परतले ते या मताचे होऊन. पुढे १८४० मध्ये स्वतःचा ग्रंथ आधी काढून मोकळे झाले! शार्पाँतिएंचा ग्रंथ मागाहून, १८४१ मध्ये आला. ते दुखावले, यात नवल ते काय?

आता विरोधकांविषयी. ब्रिटिश भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांचे मत असे, की जमीन समुद्राखाली असताना तरंगत्या हिमनगांनी हे धोंडे आणून टाकले. आज हसू येईल, पण वेल्समधील मोएल ट्रिफान डोंगरावर सुमारे ४०० मीटर उंचीवर समुद्री शिंपले सापडले होते. हिमनदी डोंगरावर शिंपले कशी चढवणार? समुद्राचा तळ खरवडत आलेल्या बर्फाने ते वर आणले, हा उलगडा फार उशिरा झाला. शिवाय अख्खा प्रदेश बर्फाने झाकलेला असू शकतो याचा नमुना म्हणजे ग्रीनलंड, पण त्याच्या अंतर्भागात काय आहे, हे तेव्हा कोणी पाहिलेही नव्हते. १८४० च्या शरदात लायेल काही काळ अगासींच्या बाजूला आले, आणि पुन्हा हिमनगांकडे वळले. याला हटवाद म्हणणे अन्यायाचे आहे.

लेखात एक गोष्ट अजिबात नाही, आणि चंद्रपूरकर म्हणून ती मला खटकली. ओडिशातील तालचेरच्या कोळसा क्षेत्रात बारीक गाळात रुतलेले मोठाले धोंडे पाहून ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी १८५६ मध्येच बर्फाचे नाव घेतले होते. एवढ्या उष्ण प्रदेशात बर्फ, यावर सहजी कोण विश्वास ठेवणार! मग १८७० च्या दशकात फेडन या भूवैज्ञानिकांना आमच्या चांद्याजवळ इरई येथे ओरखडे उमटलेले धोंडे मिळाले, आणि त्यांच्याखाली घासून गुळगुळीत झालेला, रेघारेघांचा चुनखडक; हिमनदी सरकल्याचीच ही खूण. हे हिमयुग आल्प्सच्या हिमयुगाहून कितीतरी जुने, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या आसपास होती.

लेखमालेच्या पुढील भागात यावर दोन परिच्छेद तरी यावेत, ही विनंती.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक, चंद्रपूर