आईच्या वहीतला ‘प्र.’

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई, बाबा,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर “सगळं ठीक आहे” म्हणाले, ते तितकंसं खरं नव्हतं. फोनवर आई दुसऱ्याच वाक्याला “जेवलीस का?”वर येते आणि बाबा लांब खुर्चीत बसून नुसतं “हं” म्हणतात. म्हणून लिहायला बसले. बाबा, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तुम्ही वाचू नका, आईकडून वाचून घ्या. आणि आई, तुझं नाव येईल तिथलं गाळू नकोस.

गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीत एक दिवसाचं शिबिर झालं. आखणी सगळी माझी. कंपनीत नऊ वर्षं ट्रेनिंगचंच काम केल्यामुळे हात बसलेला आहे. फळा, रंगीत चिठ्ठ्या, मधे टाळ्या वाजवायचे खेळ, तरुण संघाच्या पोरांना निळे टी-शर्ट आणि त्यांच्या पाठीवर बायबलातलं फिलिप्पै ४:१३. मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे. पोरांनी त्यातलं “मी सर्व काही” एवढंच मोठ्या अक्षरात छापून घेतलं होतं. तेव्हा ते मला आवडलंही होतं.

दुपारी मी सगळ्यांना एक कागद वाटला. माझं ध्येय, माझी ताकद, माझ्या अडचणी, पाच वर्षांनी मी कुठे असेन. चार रकाने. कागद गोळा करताना एका मावशींचा हातात आला. त्यांच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पहिले तीन रकाने कोरे. चौथ्यात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला: “वॉर्डात”. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, मावशी, सकारात्मक लिहा ना. त्यांनी कागद परत घेतला, उलटसुलट पाहिला आणि अगदी सहज विचारलं, “ताई, यात देवाने काय करायचं ते लिहायला जागा नाही का?”

टोमणा नव्हता हो. त्यांना खरंच वाटलं, छापताना एखादा रकाना राहिला असेल.

त्या रात्री घरी येऊन फिलिप्पैकरांस पत्र काढलं. चौथा अध्याय, तेरावं वचन तर पाठच. आधीची दोन वचनं मी किती वर्षांनी वाचली कोण जाणे. पौल तिथे म्हणतो की असेल त्या स्थितीत राहायला मी शिकलोय. पोटभर खायला आणि उपाशी राहायलाही. आणि हे तो बेड्या घातलेल्या अवस्थेत लिहितोय. म्हणजे माझ्या टी-शर्टवरचं वचन पदोन्नतीबद्दल, परीक्षेबद्दल किंवा मंडळीची सभासदसंख्या दुप्पट करण्याबद्दल नव्हतंच, ते उपाशी राहता येण्याबद्दल होतं. बाबा, तुम्ही कुठलंही वचन सांगताना आधी “मागचं वाचा, पुढचं वाचा” म्हणायचात आणि आम्ही भावंडं कंटाळून जांभया द्यायचो.

आणखी एक गंमत. शिबिराच्या शेवटी आमच्या एका वडील सभासदांनी आभार मानताना सांगितलं, “बायबलच म्हणतं, जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो.” सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. मग आठवलं, नेवाशाच्या एका सभेत कुणीतरी हेच म्हटलं तेव्हा तुम्ही आपलं बायबल त्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणाला होतात, “काढून दाखवा, पुढचा चहा माझ्याकडून.” चहा काही तुम्हाला पाजावा लागला नाही. ते वाक्य बायबलात नाहीच. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या आपल्या पंचांगात ते छापलं, आणि इसापाच्या चिखलात रुतलेल्या गाडीच्या गोष्टीत त्याचं मूळ त्याहून कितीतरी जुनं आहे. आपल्याकडे ‘प्रयत्नांती परमेश्वर’ आहेच, त्यामुळे ते कानाला परकं वाटत नाही एवढंच.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. २००९ च्या पावसाळ्यात चर्चचं छत गळत होतं आणि पाळक म्हणून तुम्ही बुधवारी प्रार्थना ठेवली होती. मी नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, तोंडात इंग्रजी, हातात लॅपटॉप. जेवताना म्हणाले, देणगीदारांची यादी करा, मुंबईच्या लोकांना पत्रं पाठवा, नुसतं गुडघे टेकून काय होणार? तुम्ही वरण ओतून घेत होतात. आणि मी म्हणाले, “असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.” तुम्ही मान वर करून विचारलंत, “खाटल्यावर कोण बसलंय गं?” चिडून नाही, आणि उत्तराचीही वाट पाहिली नाहीत. जेवण उरकलंत, रेनकोट चढवलात आणि सायकल काढून निघालात, कारण पलीकडच्या वस्तीवर कुणाची तरी आई वारली होती. छताचे पत्रे पुढच्या महिन्यात मंडळीतल्याच गवंड्यांनी चढवले. मी सॉरी म्हटलं नाही. आज म्हणते.

ज्या माणसाने बहात्तरच्या दुष्काळात शाळा सोडून रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, त्याला मी आळशी म्हटलं. तरी तुमची सगळीच बाजू मी घेणार नाही हं बाबा. पगार तीन-तीन महिने थकायचा, तेव्हा तुम्ही कचेरीत जाऊन एक शब्द बोलायचा नाहीत. “प्रभू जाणतो” म्हणायचात. प्रभू जाणत होता, पण कचेरीतल्या कारकुनाला कुणीतरी सांगायला हवं होतं. तो विश्वास होता की भीड होती, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलंय का?

आपल्या नगरकडे (अहिल्यानगर झालं तरी माझ्या तोंडून नगरच निघतं) हा वाद जुनाच म्हणायचा. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरात, आणि त्यांच्या अमेरिकेतल्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले. त्यांचा धोशा एकच: मंडळीने आपला पाळक आपण पोसावा, आपला कारभार आपण पाहावा, सुवार्ता आपण पसरवावी. ‘स्वावलंबी मंडळी’ हा शब्द लहानपणापासून इतका ऐकला की स्वावलंबन आणि देवावर अवलंबणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे डोक्यातच आलं नाही. मिशनऱ्याच्या पैशावर न जगणं वेगळं, आणि आपलं आपण निभावून नेऊ म्हणणं वेगळं. मी अकरा वर्षं, नोकरीत नऊ आणि सेवेत दोन, दुसरं शिकवत आले, पहिल्याचं नाव देऊन.

केडगावची आपली सहल आठवते? बाबांनी मुक्ती मिशनच्या आवारात आम्हाला विहिरी दाखवल्या होत्या आणि आम्ही आत खडे टाकले म्हणून ओरडा खाल्ला होता. पंडिता रमाबाईंबद्दल मी साक्ष देताना नेहमी सांगायचे की त्या फक्त प्रार्थनेवर चालल्या. हल्ली पुन्हा वाचलं तेव्हा वेगळंच दिसलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, त्यामागे अमेरिकेतल्या लोकांनी दहा वर्षांच्या मदतीची घेतलेली हमी होती. पुढे दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावात आल्या तेव्हा तशी हमी नव्हती. आणि नेमकं तिथेच बाईंनी विहिरी खणल्या, शेती केली, मुलींच्या हाती माग आणि छापखाना दिला, स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, तोवर ते काम चालूच होतं. हात जोडलेली बाई आणि हात राबवणारी बाई अशा दोन रमाबाई मला कुठे सापडेनात. त्यांनी ज्यांची गोष्ट वाचून धीर घेतला ते ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलरही तसेच. अनाथालयासाठी कुणापुढे हात पसरला नाही, पण आल्या-गेल्या पैशाचा हिशेब दरवर्षी छापून लोकांपुढे ठेवला.

आणि टिळक! कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले, हे बाबा डोळे मिटून सांगायचे. आई तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणायची, “आणि लक्ष्मीबाईंनी काय केलं ते पण सांगा.” आम्ही हसायचो. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ मी लग्नानंतर वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

कारण मला आई तुझी वही आठवली. दोनशे पानी, मागच्या बाजूने सुरू केलेली. डावीकडे रॉकेल, बाजरी, साबण, बाबांच्या सायकलचं पंक्चर. उजवीकडे आकडे. आणि जे आकडे जमत नसत त्यांच्यापुढे तू ‘प्र.’ लिहायचीस. मला कितीतरी वर्षं वाटायचं की प्र. म्हणजे प्रकाशशेठ, कोपऱ्यावरचा वाणी. त्याच्याकडे उधारी आहे म्हणून मी त्याच्या दुकानासमोरून मान खाली घालून जायचे. सातवीत असताना कळलं की प्र. म्हणजे प्रभू.

मावशींनी जागा मागितली तो रकाना तुझ्या वहीत होता.

तर सध्या असं चाललंय. तो कागद बंद केला. टी-शर्ट पोरं क्रिकेटला घालतात, घालू देत. दर मंगळवारी मी डबा घेऊन त्या मावशींबरोबर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसते. पहिले दोन मंगळवार माझी जीभ सारखी सल्ला द्यायला वळवळत होती. फुले जनआरोग्य योजनेच्या कागदांसाठी त्या हेलपाटे घालत होत्या, ते रेशनकार्ड-आधारचं काम मी मागे लागून पूर्ण करून दिलं. प्रार्थनाही करतो. गोळ्या-औषध बंद करा, विश्वास ठेवा असं सांगणारे एक प्रचारक मधे येऊन गेले, त्यांना मावशींनीच परतवलं. नवरा बरा होईल का, माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि त्यांनीही विचारलेलं नाही.

आता आई, एक प्रश्न. बाबा, तुम्ही हवं तर पुढचं ऐकू नका. माझ्या अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी वहीत ‘फी ३४०’ आणि पुढे ‘प्र.’ होतं. आठवड्याने त्यावर रेघ मारलेली मी पाहिली. बाबांनी त्या रविवारी उपदेशात सांगितलं, प्रभूने पुरवलं, आणि तू पहिल्या बाकावर बसून “आमेन” म्हणालीस. त्या नाताळात तुझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. आजीने दिलेल्या पाटल्या मी त्यानंतर कधी पाहिल्या नाहीत.

तू काय केलंस ते मला खरं सांगशील? आणि ती वही टाकली नसशील तर डिसेंबरात येईन तेव्हा काढून ठेव.

तुमची,
ताई