पाणी कुठे जातंय?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. बाबा ठीक आहेत, मीही ठीक आहे. फोनवर तू "हो आई, हो आई" करतेस आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत विषय बदलतेस, म्हणून कागद घेतला.

काल तू सहज म्हणालीस, "गाडी मस्त आहे गं. फक्त पाणी जरा कमी होतं. चार-पाच दिवसांनी अर्धा लिटर टाकते, चालतंय." आणि लगेच ऑफिसमधल्या त्या नव्या मुलीचं सांगायला लागलीस. पुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

अगं, इंजिन गार ठेवणारी बंद सिस्टिम आहे ती. त्यातलं पाणी आपोआप संपत नाही. कमी होतंय म्हणजे कुठेतरी जातंय. कुठे जातंय ते आधी शोध, मग टाक.

खरं तर एवढंच लिहायचं होतं.

गाडी न्यायच्या दिवशी मी जे बोलले ते मनावर घेऊ नकोस. "ते भंगार ने एकदाचं" असं मी म्हणायला नको होतं. आणि तूही "आई, तू बाबांची एकेक गोष्ट घराबाहेर काढतेयस" असं म्हणायला नको होतंस. त्यांच्यासमोर तर नकोच होतं. त्यांना दिसत कमी असलं तरी ऐकायला सगळं येतं. नंदाआत्याने नंतर मला दोन शब्द सुनावले, ते निराळंच.

तुला वाटत असेल, आईला गाडीतलं काय कळतं. मला पाना फिरवता येत नाही, पण सव्वीस वर्षं टॉर्च मी धरलाय. "इकडे नाही, तिकडे, अगं वर!" हे ऐकत ऐकत मला त्या बॉनेटखालचा कोपरा न् कोपरा माहीत झाला. आणि गाडीच्या कामांच्या वह्या मीच लिहिल्यात. तिसरी वही तुझ्याबरोबर दिली आहे, पुढच्या कप्प्यात बघ. गाडी तुझ्या हातात दिली तेव्हा किलोमीटरचा काटा 3,41,260 वर होता, तो आकडाही माझ्याच अक्षरात आहे.

आता नीट वाच. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना बघायचं. रात्री गाडीखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा अंथर, आम्ही अंथरायचो तसा. सकाळी डाग कुठे पडलाय आणि कुठल्या रंगाचा आहे ते बघ. काळपट असेल तर इंजिन ऑइल, लालसर असेल तर बहुतेक गिअरबॉक्सचं नाहीतर स्टिअरिंगचं. एसीचं पाणी नुसतं पाण्यासारखं असतं, वाळलं की मागे काही उरत नाही. कूलंट, म्हणजे आपण ज्याला पाणी म्हणतो ते, चिकट असतं आणि वाळल्यावर त्याची पापडी धरते. हीच पापडी नळ्यांच्या सांध्यांवर, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टोकांवर, वॉटर पंपाच्या पोटाशी शोध. पंपाला खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. रेडिएटरची ती प्लॅस्टिकची टोकं आणि पाण्याची टाकी इतक्या वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होतात, बोटाने दाबलं तरी तडा जातो. बाहेर काहीच दिसलं नाही तर शेजारच्या सीटखालचं कार्पेट हाताने दाबून बघ. ओलं आणि चिकट लागलं, काचेवर आतून धुकं धरत असेल, तर हीटरची जाळी गळतेय. (नुसतंच ओलं असेल तर सनरूफच्या नळ्या तुंबल्या असतील. त्याही साफ करून घे, कारण कितीतरी गाड्यांत कार्पेटखाली ते इलेक्ट्रॉनिक डबे बसवलेले असतात.)

आणि कुठेच काही सापडलं नाही, तर ते पाणी बहुतेक इंजिन पितंय. तेव्हा मात्र गाडी हलवू नकोस.

गॅरेजमध्ये त्यांना सांग, गार इंजिनवर प्रेशर टेस्ट करा. टाकीच्या तोंडाला पंप लावून हवा भरतात आणि काटा उतरतो का बघतात. दुसरी एक निळ्या द्रावाची टेस्ट असते. टाकीतली हवा त्यातून ओढतात, निळ्याचं पिवळं झालं की जळालेला गॅस पाण्यात शिरतोय, म्हणजे हेड गॅस्केट गेलं, इंजिनच्या डोक्याखालचं ते सील. दोन्हींना मिळून तासभरसुद्धा लागत नाही. "मॅडम, टाकीचं झाकण बदलू, मग बघू" म्हणाले तर ऐकू नकोस. म्हणजे झाकणही बदलावं लागतं म्हणा, त्याची स्प्रिंग सैल होते. पण टेस्ट आधी.

आणि नळाचं पाणी टाकतेस ना? नको टाकूस. क्षार बसतात. शिवाय कूलंट पातळ होत जातं, म्हणजे गंज थोपवणारं जे काही त्यात असतं तेही पातळ. वहीत प्रकार लिहिलाय, तोच आण, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं कर. रंग बघून विकत घेऊ नकोस, रंगावरून प्रकार कळत नाही.

झालं, लागले मी शिकवायला. बाबा म्हणायचे, हिच्या हातात टॉर्च दिला की भाषण फुकट मिळतं. माफ कर. तू बारा वर्षांची असताना स्टेपनी एकटीने बदलली होतीस, चाकाच्या पान्यावर उभी राहून, उड्या मारून. त्यांनी ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं, आणि मी वर वर रागावले होते.

तू म्हणशील, तापमानाचा काटा तर मधोमध असतो. तेच सांगायचंय. या मोठ्या गाड्यांच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम गप्प ठेवलेला असतो, पाणी ऐंशी अंशांवर असो की शंभराच्या वर, तो आपला मधोमध. मालकाला उगाच घोर नको म्हणून. तो हलला म्हणजे उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावायचं ते छोटं यंत्र कप्प्यात आहे, मोबाइलवर खरा आकडा दिसतो. तो बघत जा.

घाटातलं तुला आठवतं का? तू सहा वर्षांची होतीस, मागे झोपली होतीस. तुला आम्ही एवढंच सांगितलं की गाडी बंद पडली आणि आपण ट्रकमधून आलो. काटा वर चढला होता. बाबा म्हणाले, थांबतो. अकरा किलोमीटर राहिले होते, अंधार पडत होता. मी त्या काट्याकडे टक लावून बसले होते, आणि तो हळूहळू खाली यायला लागला. मी म्हणाले, "उतरला बघा. चला, पोचूच."

पाणी जवळजवळ सगळं गेलं होतं, मनू. सेन्सर कोरडा पडला की त्याला गरम पाणी लागतच नाही, म्हणून काटा खाली येतो. हीटरमधून गार हवा यायला लागली होती, तेही मला बरंच वाटलं होतं. चार किलोमीटर गेलो असू.

त्यांनी रागाने झाकण उघडलं, गार व्हायची वाट न बघता. आत दाब असतो म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल झालं की उरलंसुरलं सगळं एकदम वाफ होऊन बाहेर येतं. बाबांच्या मनगटावरचा डाग तो आहे. तुला आम्ही इस्त्रीचा सांगितला होता. हेड अॅल्युमिनियमचं, वाकलं होतं. मशिनिंगला पाठवलं, गॅस्केट नवं, हेडचे बोल्ट नवे (एकदा ताणलेले परत वापरायचे नसतात), तीन आठवडे गाडी उभी. वहीत मी "हेड गॅस्केट" एवढंच लिहिलंय. कारणाच्या रकान्यात रेघ मारली. बाबा वही वाचायचे, त्यांनी ती रेघ पाहिली असणार. कधी बोलले नाहीत.

तेव्हा हलला काटा की थांब. एसी बंद, हीटर पूर्ण मोठा, काचा खाली, आणि दिसेल तिथे सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद. काटा उतरला तरी थांब. रात्र असली तरी थांब, दारं लावून आत बस आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. तू थांबणाऱ्यातली नाहीस, तोच तर माझा घोर आहे. त्या नोकरीतही तू ताप अंगावर काढून जातेस, मला सगळं कळतं.

बाकीचं किरकोळ. सकाळी मागचा डावा कोपरा खाली बसलेला दिसला तर एअर सस्पेन्शनची, म्हणजे गाडी तोलून धरणारी हवेची पिशवी गळतेय. तशीच चालवलीस तर कॉम्प्रेसर हवा भरून भरून जळेल, आणि मग दुप्पट काम. डॅशबोर्डवर एकदम सात-आठ दिवे लागले तर घाबरू नकोस, आधी बॅटरी मोज. उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट हवेत, 12.2 च्या खाली असेल तर अर्धीअधिक रिकामी. गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" असतं असं कुणी म्हणालं तर बाबा काय विचारायचे ते तुला पाठ आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला बदला म्हणते. आपलं शेवटचं 2,70,000 ला झालंय, म्हणजे वेळ आलीच आहे. सगळं एकदम काढू नकोस. गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. आधी पाणी, मग ब्रेक आणि टायर, मग उरलेलं.

बाबा संध्याकाळी खाली जातात. गाडी उभी असायची तिथे पुठ्ठा अजून आहे, मी उचललेला नाही. त्याच्या कडेला उभे राहतात. रस्त्यावरून गाडी गेली की म्हणतात, "बेल्ट ओरडतोय हिचा." परवा शेजारच्या मुलाला त्या ग्रीक टॅक्सीवाल्याची गोष्ट सांगत होते, 1976 ची मर्सिडीज 240डी, 46 लाख किलोमीटर, 2004 साली कंपनीच्या म्युझियममध्ये गेली ती. मग म्हणाले, "आमची अजून निम्म्यातही नाही, आता मुलगी चालवते." निम्मं कसलं, दहावा हिस्सासुद्धा नाही. पण मी त्यांना टोकलं नाही.

त्यांना मी पाण्याचं सांगितलेलं नाही. तूही इतक्यात सांगू नकोस.

गॅरेजला शनिवारी जाणार असशील तर तोवर गाडी काढू नकोस. काढलीसच तर निघताना टाकीची पातळी बघ, पोचलीस की गार झाल्यावर परत बघ. आणि फोनवर "चालतंय" म्हणू नकोस. किती मिलिलिटर टाकलं, काटा किती किलोमीटरवर होता, तेवढं सांग. इथे चौथी वही आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर तारीख घातली आहे, कारणाचा रकाना रिकामा आहे.

तुझी
आई