ऑटोफ्लॉवरचे कलम करून हाती काय लागणार?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ज्या देशांत कायद्याने परवानगी आहे तिथे लोक घरी गांजाची झाडे कशी वाढवतात, यावरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. कायद्याचा भाग नीट आहे. लागवडीच्या चौकटीत मात्र ‘बी, ऑटोफ्लॉवर किंवा क्लोन, काहीही घ्या, पुढची पद्धत सारखीच’ असे छापले आहे आणि त्याच्याच खाली ‘ऑटोफ्लॉवरची फांदी छाटून फुकटात दुसरे रोप मिळवा’ असा सल्ला आहे. ऑटोफ्लॉवर म्हणजे ठरावीक वय झाले की आपोआप फुलणारा गांजाचा प्रकार, आणि क्लोन म्हणजे फांदी छाटून लावलेले कलम. पहिले विधान चुकीचे आहे. दुसरे ज्याने लिहिले त्याने ते झाड कधी वाढताना पाहिलेले नसावे.

कायद्याचे आधी उरकून घेतो. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी तीन झाडांची मुभा आहे. कॅनडाच्या २०१८च्या केंद्रीय कायद्यात दर घराला चार झाडे बसतात, पण क्यूबेक प्रांताने तीही नाकारली आहेत. भारतात १९८५चा अमली पदार्थविषयक कायदा आहे. इथे एक कलम कुंडीत लावले की कायद्याची दोन कलमे मागे लागतात, आठवे आणि विसावे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, मग झाड एकच का असेना. तेव्हा पुढचे सारे परवानगी असलेल्या ठिकाणांपुरतेच वाचावे.

आता मुद्दा. साधे गांजाचे झाड फुलावर कधी यायचे ते रात्रीच्या लांबीवर ठरवते. रोज अठरा तास उजेड मिळाला तर ते महिनोन्‌महिने नुसती पाने आणि फांद्या काढत राहते. सलग बारा तासांचा अंधार सुरू झाला की दोनेक आठवड्यांत फुले धरते आणि पुढे बहुतेक वाणांना पिकायला आठ ते दहा आठवडे लागतात. यात ‘सलग’ या शब्दाला फार किंमत आहे. अंधाराच्या तासांत खोलीत पंख्याच्या रेग्युलेटरचा दिवा चमकत असेल किंवा लागवडीच्या तंबूच्या चेनमधून बाहेरच्या ट्यूबलाइटचा उजेड झिरपत असेल, तर झाड गोंधळते. मग फुलोऱ्यातच नवी पाने फुटू लागतात, नाहीतर मादी फुलांच्या गुच्छातून पिवळे, केळ्याच्या घडासारखे पुंकेसर डोकावतात. त्यांचा पराग उडाला की साऱ्या फुलोऱ्यात बी भरते. उपाय सोपा आहे: अंधार झाला की आत शिरून पाच मिनिटे उभे राहायचे आणि डोळ्यांना जिथे जिथे उजेड दिसेल तिथे काळी चिकटपट्टी लावायची.

ऑटोफ्लॉवर रात्र मोजत नाही, ते स्वतःचे वय मोजते. हा गुण ‘रुडेरालिस’ या बुटक्या, रानटी प्रकारातून आला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये त्याचे वर्णन केले. जिथला उन्हाळा आखूड तिथे रात्री लांबण्याची वाट पाहणारे झाड बी धरण्याआधीच थंडीत मरेल, म्हणून हे तीन-चार आठवड्यांचे झाले की फुलायला लागते, उजेड बारा तास असो वा वीस. रुजण्यापासून काढणीपर्यंत साधारण सत्तर ते नव्वद दिवस. आता यातली एक फांदी चौथ्या आठवड्यात छाटली असे धरा. मुळे फुटायला दहा-बारा दिवस जातात आणि तेवढ्यात फांदीचे वय, म्हणजे आईचे वय, पुढे सरकलेले असते. मुळे धरेपर्यंत ती फुलावर आलेली असते. हाती येते ते वीतभर झुडूप, त्यावर चार फुले. आपल्या चौकटीतले ‘फुकटचे रोप’ ते हे.

याच वयाच्या हिशेबामुळे ऑटोची निगा वेगळी होते. साध्या रोपाचे कुंडी बदलताना मूळ दुखावले तर ते आठवडाभर रुसते. आपण अठरा तासांचा उजेड आठवडाभर जास्त ठेवतो आणि भरपाई होते. ऑटोकडे वाढीचे आठवडेच मोजून चार, त्यातला एक गेला तर चौथा हिस्सा गेला आणि तो परत मिळत नाही. म्हणून बी थेट शेवटच्या कुंडीत, दहा-बारा लिटरच्या कापडी पिशवीत टाकतात. शेंडा खुडत नाहीत. खोड लवचीक असतानाच मऊ तारेने हळूच आडवे वाकवतात. खत पाकिटावर लिहिल्याच्या निम्मेच देतात.

मोठ्या कुंडीतली खरी अडचण पाण्याची. दोन पानांचे रोप बारा लिटर माती पिऊ शकत नाही. सगळी कुंडी भिजवली तर माती आठ-दहा दिवस चिखल राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि रोप पाने खाली टाकून बसते. नवशिक्याला वाटते तहानले आहे, तो आणखी पाणी घालतो. पहिले दहा दिवस रोपाभोवती ताटलीएवढ्या वर्तुळात शंभर मिलिलिटरच्या आसपास पाणी पुरते. रोप वाढेल तसे वर्तुळ वाढवायचे, म्हणजे मुळे ओलाव्यामागे बाहेर धावतात. पुढे कुंडी उचलून वजनावरून ठरवावे. बोट खुपसून कळते ते फक्त वरच्या दोन इंचांचे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे माती ओलसर पण हवेशीर, तीच स्थिती इथे हवी.

बियांपासूनच्या साध्या रोपाचे पहिले दोन आठवडेच नाजूक. बी बारा ते अठरा तास पाण्यात भिजवून ओल्या, पिळलेल्या कागदी रुमालात ठेवावे. चोवीस ते बहात्तर तासांत मोड येतो. मूळ सेंटिमीटरभर झाले की ते खाली करून सेंटिमीटर ते दीड सेंटिमीटर खोल ठेवायचे. फार वर राहिले तर टरफल मातीत घासून निघत नाही आणि रोप डोक्यावर टोपी घेऊनच बाहेर येते. अशी टोपी ओढू नये. पाण्याचा थेंब ठेवून ती मऊ होऊ द्यावी, मग चिमट्याने अलगद सोडवावी. माध्यम हलके असावे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सत्तर टक्के आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र खडे) तीस. ताजे शेणखत किंवा भरपूर गांडूळखत इथे नको, कोवळी मुळे करपतात. तापमान बावीस ते सव्वीस अंश. खोड दोऱ्यासारखे लांबले तर उजेड कमी पडतो आहे, दिवा खाली आणावा. पानांच्या कडा वर वळल्या तर दिवा फार जवळ आहे.

रोपे मरतात ती बहुधा कोलमडून. मातीलगत खोड अचानक बारीक, तपकिरी होते आणि सकाळी उभे असलेले रोप संध्याकाळी आडवे दिसते. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरश्यांचे हे काम. पडलेल्या रोपाला औषध नाही. वरची माती दोन पाण्यांच्या मध्ये सुकू द्यावी, पंख्याची मंद झुळूक ठेवावी आणि अंकुर दिसताच वरचे झाकण काढावे, एवढेच हातात असते. झाकण ‘दमटपणा चांगला’ म्हणून ठेवून देणे ही सर्रास होणारी चूक आहे.

साध्या बियांत निम्मी झाडे नर निघतात. चार ते सहा आठवड्यांनी पेरापाशी नराची गोल गाठ किंवा मादीचे दोन पांढरे केस दिसतात, तेव्हा कळते. ‘फेमिनाइज्ड’ बिया मादी झाडावर चांदीच्या क्षाराचा फवारा मारून तयार करतात. त्यामुळे इथिलीन या संप्रेरकाचे काम अडते, मादी झाड पराग देते आणि त्या परागात नराचे गुणसूत्रच नसते. जिथे तीनच झाडांची मुभा आहे तिथे हा फरक मोठा आहे.

क्लोन म्हणजे आपले छाट कलम. मातृझाड फुलावर नसावे. दहा-बारा सेंटिमीटरचा, दोन-तीन पेरांचा शेंडा धारदार पात्याने पेराखाली तिरका कापून लगेच पाण्यात धरायचा, नाहीतर खोडात हवेचा बुडबुडा अडकतो आणि पाणी चढत नाही. मोठी पाने निम्मी छाटायची. टोकाला मुळे फुटवणाऱ्या आयबीए संजीवकाची भुकटी किंवा जेल लावून साडेपाच-पावणेसहा सामूच्या (पीएचच्या) पाण्यात भिजवलेल्या, कलमे रुजवण्याच्या छोट्या घनात (क्यूबमध्ये) रोवायचा. घन हलका पिळून घ्यावा. गचगचीत घनात खोड काळे पडून कुजते, आणि कलमे मरण्याचे मुख्य कारण तेच. सुरुवातीला आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर, माध्यम चोवीस-पंचवीस अंशांवर, उजेड मंद. पाचव्या दिवसापासून झाकणाची भोके थोडी थोडी उघडावीत. खालचे पान पिवळे पडले तर घाबरू नये, कलम त्यातले अन्न मुळांसाठी ओढते आहे. आठ ते चौदा दिवसांत घनाबाहेर पांढरी मुळे दिसतात. तोवर ‘धरले का’ म्हणून उपटून पाहू नये.

विकतचे कलम आईचे गुण आणते तसे तिचे रोगही आणते. लाल कोळी, भुरी, मुळावरचा मावा हे भिंगाने तरी दिसतात. ‘हॉप लेटंट व्हिरॉइड’ हा विषाणूहूनही साधा रोगकारक मात्र महिनोन्‌महिने दिसत नाही. झाड फुलावर आले की फुले सैल, चिकटा कमी, फांद्या ठिसूळ. तो पात्यावरून एका झाडातून दुसऱ्यात जातो आणि स्पिरिटने पुसून भागत नाही. दर झाडागणिक पाते एकास नऊ पाण्याच्या प्रमाणातल्या घरगुती ब्लीचमध्ये बुडवावे लागते. खात्री करायची तर पीसीआर चाचणीच. नवे कलम दोन आठवडे तरी बाकीच्यांपासून वेगळे ठेवावे.

आणखी एक फसगत वसंतात होते. दुकानात अठरा-वीस तासांच्या उजेडात वाढलेले कलम घराबाहेर ठेवले की त्याला अचानक लांब रात्र मिळते. वयाने ते प्रौढच असल्याने लगेच फुलते. मग दिवस लांबतात तेव्हा पुन्हा पानांकडे वळते आणि महिनाभर वेडीवाकडी, एकाच पाकळीची पाने काढत राहते. त्याच दिवशी बाहेर ठेवलेले बियांचे कोवळे रोप या गोंधळात पडत नाही, कारण ते अजून फुलण्याच्या वयाचेच नसते. ‘पद्धत सारखीच’ म्हणणाऱ्याने एवढे एक उदाहरण पाहिले तरी पुरे.

पुढचे तिघांना सारखेच: मातीचा सामू सहा ते पावणेसात, कोकोपीटमध्ये साडेपाच ते सव्वासहा, फुलोऱ्यात आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली, नाहीतर करडी बुरशी गुच्छ आतून पोखरते. जागा कुलूपबंद असावी. मुलांच्या हाती लागू नये अशी व्यवस्था जर्मन कायदाही मागतो.

जाता जाता, लेखातल्या छायाचित्राखाली ‘नुकतेच मुळे धरलेले क्लोन’ असे छापले आहे. चित्रात खोडाच्या तळाशी दोन गुळगुळीत, बिनकातऱ्या, गोलसर पाने स्पष्ट दिसतात. ती बीजपत्रे आहेत. ती फक्त बियांतून आलेल्या रोपाला असतात, फांदीला नाही. चौकटीतल्या दोन वाक्यांबरोबर ही ओळही दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक