कमरेतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत कंबरदुखीवर लेख आला, चांगला होता, पण सगळं मणक्यातली गादी सरकण्यावरच होतं म्हणून हे लिहितेय. माझी आई ६८ वर्षांची. तिचा डावा पाय वर्षभर दुखत होता, कुल्ह्यापासून पोटरीपर्यंत चमक आणि पावलाला मुंग्या, भाजीला निघाली की दर पाच मिनिटांनी कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर वाकून बसायची, बसलं की कळ थांबायची आणि उठून चाललं की परत सुरू. एक्सरेत वयाप्रमाणे झीज एवढंच आलं, मग पट्टा झाला, तेल झालं, मालिश झालं.

शेवटी एमआरआय केला. रिपोर्टमध्ये एल-४ एल-५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी, फॅसेट सायनोव्हियल सिस्ट. सिस्ट म्हणजे गाठ हे कळल्यावर आई त्या रात्री जेवलीच नाही, हातातल्या पाटल्या काढून माझ्या पुढ्यात ठेवल्या, म्हणाली तुझ्याकडे असू देत आता.

दुसऱ्या दिवशी सर्जननी फिल्म लाइटवर लावून पेनाच्या टोकाने दाखवलं. मणक्यांच्या मागे दोन्ही बाजूंना छोटे सांधे असतात, त्यांनाच फॅसेट म्हणतात, गुडघ्यासारखेच, आत वंगणाचं पाणी असतं. सांधा झिजला की त्याचं अस्तर फुग्यासारखं बाहेर येतं, त्यात ते पाणी साठतं आणि शेजारची नस दबते. कॅन्सर नाही! साध्या एक्सरेत ही गाठ दिसत नाही, आणि साठीच्या पुढे जास्त सापडते.

काहींची आपोआप जिरते म्हणे. आईला आधी सांध्यात इंजेक्शन दिलं, दोन महिने बरं वाटलं, मग परत तेच, म्हणून ऑपरेशन करून गाठ काढली. मणका फार हलत नव्हता म्हणून तो पक्का करायला स्क्रू लागले नाहीत, कोणाकोणाला लागतात. आता ती न बसता मंडईतून येते, पिशवी मात्र मी घेते.

माझी विनंती एवढीच की एखाद्या स्पाइन सर्जनकडून यावर लिहून घ्या, आणि लघवी अडकणं, जांघेत बसायच्या जागी बधीर होणं, पाऊल उचलता न येणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा हे चौकटीत मोठ्या अक्षरात छापा, आईच्या वयाची माणसं चष्मा शोधत बसत नाहीत.

आपली,
एक वाचक, सांगली