‘किल्ला दाखवणार’ म्हणजे आतून की बाहेरून?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या एका ओळीबद्दल हे पत्र आहे. येत्या मे महिन्यात आम्ही दोघे स्कॉटलंडला जाणार, पहिलीच परदेशवारी. पत्रिकेत सहाव्या दिवसासमोर ‘ड्रमंड किल्ला व उद्यान’ एवढेच छापले होते. सहल नेणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात मी मुद्दाम विचारले, ‘किल्ला आतून बघायला मिळतो ना?’ ‘हो काका, सगळं आहे त्यात,’ असे उत्तर आले. पंचवीस हजार आगाऊ भरून घरी आलो.

पुढे पुण्याच्या भाचीने नीट चौकशी केली तेव्हा कळले, की ड्रमंडची फक्त बाग लोकांना खुली असते. वाडा खासगी आहे, आत सोडत नाहीत. बागसुद्धा बारमाही उघडी नसते. कंपनीला फोन केला, तर ‘बाहेरून दिसतो की!’ म्हणाले.

आपल्याकडे किल्ला म्हटले की भुईकोट डोळ्यांसमोर येतो. दरवाजातून आत जायचे, बुरुजावर चढायचे, तटावरून सिद्धेश्वर तलाव बघायचा. तिकडे कॅसल म्हणजे बरेचदा एखाद्या घराण्याचा राहता वाडा असतो. कुठे सगळे दालन उघडे, कुठे चार खोल्या, कुठे नुसती बाग. त्यामुळे ‘किल्ला दाखवणार’ या दोन शब्दांतून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही.

मला स्वतःला ओढ बागेचीच होती. अडतीस वर्षे मी चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढली. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन लाल पेन्सिलीने भरायचा, मग त्यावरून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डे पंच व्हायची. मधले फूल आणि काठ जुळला नाही तर माल परत. ड्रमंडचा फोटो पाहिला आणि मी खुर्चीतून उठलोच. वाडा वर कड्यावर, बाग खाली, त्यामुळे वरून अख्खी नक्षी एका नजरेत येते. स्कॉटलंडच्या झेंड्यावर असते तशी तिरपी फुली, तिच्या रेघा बुटक्या कुंपणझाडांच्या, आणि मधोमध दगडी खांबावर सूर्यघड्याळ. ते राजाचा गवंडी जॉन माइल्न याने 1630 साली केले. आपल्या शिवाजीमहाराजांचा जन्म त्याच वर्षीचा! तेव्हापासून तो खांब उन्हाची वेळ सांगतो आहे. माझ्यासाठी तेवढ्यानेच पैसे फिटले असते.

पण आमच्या मंडळींना आतले घर बघायचे होते. त्या लोकांची चूल कशी, झोपायच्या खोल्या कशा, भिंतीवर काय टांगतात. चाळीस वर्षे संसार करून ती एवढेच मागते आहे. भाचीनेच मग ॲबर्डीनजवळचा क्रेथीस किल्ला सुचवला. तो सोळाव्या शतकातला. आतल्या छतांवर रंगीत चित्रे आणि मजकूर लिहिलेला, आणि बागेत यू झाडांची कातरलेली कुंपणे, 1702 साली लावलेली. तो ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’ या संस्थेकडे आहे आणि वाडा, बाग दोन्ही लोकांना बघता येतात. मात्र आत जिना गोल, अरुंद आणि दगडी. हिचे गुडघे दुखतात. हेही आम्हाला कंपनीने नाही, भाचीने सांगितले. आता हळूहळू चढायचे, नाही जमले तर खालच्या मजल्यावर थांबायचे, असे ठरले आहे.

सोलापूरहून आता पुष्कळ ज्येष्ठ मंडळी अशा सहलींना जातात. कुणाचा फंडाचा पैसा असतो, कुणाचा मुलाने पाठवलेला. सगळ्यांनाच पुण्याची भाची नसते. सहल नेणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणापुढे ‘आतून’ की ‘बाहेरून’, बाग कोणत्या महिन्यांत उघडी आणि पायऱ्या किती, एवढे मराठीत छापावे. आपल्या दैनिकात सहलींच्या जाहिराती येतात, पर्यटनाची पुरवणीही निघते. जाहिरात घेताना आपणही एवढी विचारणा करावी, आणि पुरवणीत एकदा याच विषयावर पान द्यावे, ही विनंती. दिवाळी झाली की मे महिन्याची आगाऊ रक्कम भरायला सुरुवात होते, त्याआधी ते पान आले तर बरे.

आपला,
एक निवृत्त डिझाइन मास्तर,
साखर पेठ, सोलापूर