नोट्सच्या पीडीएफसोबत कोडची फाइलही द्या

संपादक महोदय,

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रॅक्टिकलच्या नोट्स मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून मांडणी करण्याच्या पद्धतीत) लिहून त्यांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर वाटणाऱ्या मुंबईतील प्राध्यापकांना एक विनंती आहे. पीडीएफसोबत कोडची मूळ फाइलही पाठवावी. पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा म्हणजे व्याकरण. पीडीएफमध्ये मात्र अक्षर पानावर कुठे बसवायचे एवढीच नोंद असते, त्याआधीच्या स्पेस असतीलच असे नाही. त्यामुळे कॉपी केलेला कोड पुष्कळदा डावीकडे चिकटतो, 'इंडेंटेशन एरर' येतो आणि बिचाऱ्या विद्यार्थ्याला वाटते, आपलेच चुकले.

कित्येकदा घोळ मूळ मजकुरातच असतो. टॅब एका एडिटरमध्ये चार घरांचा दिसतो, दुसऱ्यात आठ. टॅब-स्पेसची विसंगत सरमिसळ पायथॉन 3 खपवून घेत नाही. व्हीएस कोड या एडिटरमध्ये 'रेंडर व्हाइटस्पेस' ही सेटिंग 'ऑल'वर ठेवली की स्पेस ठिपक्यासारखी आणि टॅब बाणासारखा दिसतो. मग टॅबचे माप चारवर ठेवून 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' ही आज्ञा चालवावी. (प्रोग्राम तयार करण्याच्या सूचना असलेल्या मेकफाइलला मात्र टॅबच लागतो. मार्कडाउनची पीडीएफ करून देणारा पँडॉक आपणहून टॅबच्या स्पेस करतो, तेव्हा तिथे 'प्रिझर्व्ह टॅब्ज' हा पर्याय द्यावा.)

वेबपानावरून उचललेल्या कोडमध्ये कधीकधी न तुटणारी स्पेस (जिथे ओळ तुटत नाही अशी; युनिकोड क्रमांक यू+00ए0) शिरते. दिसायला साधीच, पण पायथॉन तिच्यावर अडतो. तीच स्पेस कॉपी करून 'फाइंड'च्या चौकटीत टाकावी आणि सगळीकडे साधी स्पेस भरावी.

सर्वाधिक फसगत मार्कडाउनच्या क्रमांकित यादीत होते. '1.' नंतर एक स्पेस असेल, तर त्याखालच्या कोडची सुरुवात-शेवट दाखवणारे तीन बॅकटिक (```) तीन स्पेस आत हवेत. दोनच दिल्या तर यादी तिथेच तुटते. शिवाय सुरुवातीचे बॅकटिक जितके आत, जास्तीत जास्त तितक्याच स्पेस कोडच्या ओळींतून काढल्या जातात. म्हणजे बॅकटिक दोन स्पेस आत आणि कोड तीन, असे झाले की प्रत्येक ओळीला एक स्पेस चिकटून राहते. पहिल्याच ओळीला 'अनएक्स्पेक्टेड इंडेंट' येतो तो यामुळे.

फाइल पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून जोडावी. मेसेजमध्ये पेस्ट केलेल्या कोडमधल्या तारका आणि अंडरस्कोअर व्हॉट्सॲप ठळक-तिरक्या अक्षरांच्या खुणा समजू शकते.

– एक तांत्रिक लेखक, मुलुंड (पूर्व), मुंबई